गुलाबी कातड्याची रोली

"वैजूताई, फोन ठेवू नका. दिनकर सुतार बोलतोय."

मी फोन ठेवला. विचार करून नाही, हातानंच ठेवला. पस्तीस-चाळीस वर्षांत त्या माणसाचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नव्हतं, आणि हा खुशाल भरदुपारी फोन करतो! आक्का, माझी थोरली बहीण, आतल्या खोलीत आबांना जेवण वाढत होती. तिच्या कानावर गेलं की काय म्हणून मी आधी तिकडं बघितलं. गेलं नव्हतं. आबा दोडक्याच्या भाजीला नावं ठेवत होते आणि आक्का "बरं, उद्या नाही करत" म्हणत होती. रोजचंच.

फोन परत वाजला. मी तो घेऊन मागच्या जिन्यात गेले.

"काय पाहिजे?"

"एक लिंक पाठवलीय तुम्हाला. ऑनलाइन लिलावातला कॅमेरा आहे. खरा की खोटा, तेवढं बघून सांगा."

"सांगणारे पुष्कळ पडलेत. दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

"दुसऱ्यानं सांगून भागणार नाही," तो म्हणाला. "ताई, मला वाटतंय ती आबांची रोली आहे."

मी पायरीवर बसले.

आता मागचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर मी जिन्यात का बसले ते तुम्हाला कळायचं नाही. कोल्हापुरात आमच्या आबांचा फोटो स्टुडिओ होता. बळवंतराव नेजदार म्हटलं की दोन गोष्टी लोकांना आठवायच्या. एक त्यांची रोली, म्हणजे दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा जर्मन कॅमेरा, राखाडी कातड्याचा. त्याला आमच्या घरात कुणी 'तो' म्हणत नसे, 'ती' म्हणत. दुसरी गोष्ट आबांचा शब्द. नेजदारांनी शब्द दिला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे आणि आबांना ते ऐकायला आवडायचं.

आमच्या गावाला पुरोगामी म्हणवून घ्यायची हौस भारी. एकदा आंतरजातीय लग्नांवर सभा होती, आबा तिथं बोलायला. ऐन रंगात आलेले असताना मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "नेजदार, स्वतःच्या घरात करणार काय?" झालं! आबांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "करणार. माझी थोरली पद्मजा आणि माझ्या स्टुडिओतला दिनकर सुतार. घ्या, दिला शब्द!" टाळ्या, हार, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आक्काला आणि दिनकरला कुणी विचारलं नव्हतं, पण त्यांची तक्रार असण्याचं कारणही नव्हतं. डार्करूममध्ये दोघं जरा जास्तच वेळ फोटो धुतात हे मला केव्हाच कळलं होतं. पुढं सुपारी फुटली, आणि मी दिनकरला दाजी म्हणायला लागले. तो लाजून लालबुंद व्हायचा.

त्याच चैत्रात जोतिबाची यात्रा झाली. आबा दरवर्षी यात्रेचे फोटो काढायला डोंगरावर जात. रात्री परत आल्यावर रोली स्टुडिओत ठेवून कुलूप लावलं म्हणाले; दुसऱ्या दिवशी उघडला तर रोली गायब. कुलूप शाबूत. एक किल्ली आबांकडं, दुसरी दिनकरकडं. दिनकर आईची शपथ घेऊन सांगत होता, "मी नाही घेतली." आबा रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते ते आबा, स्टुडिओच्या पायरीवर बसून सगळ्या गल्लीसमोर रडले. म्हणाले, "पोलिसात देत नाही. पोराचं आयुष्य फुकट जाईल. पण चोराच्या घरात पोरगी देणार नाही." सगळ्यांनी आबांना नावाजलं. काय मन म्हणायचं माणसाचं!

दिनकरला गावात कुणी काम देईना. त्याची आई पाणवठ्यावर गेली तरी बायका हंडे आवरून घ्यायच्या. शेवटी तो निपाणीकडं निघून गेला. आक्कानं परत लग्नाचं नाव काढू दिलं नाही. माझं मात्र त्याच वर्षी झालं, चांगल्या पाटलांच्या घरात, माझ्या पसंतीचं.

आमचे हे वारल्यावर मी माहेरी राहायला आले. स्टुडिओ तोवर बंद पडला होता. कपाटभर जुने कॅमेरे तेवढे उरले होते. त्यांचं काय करायचं म्हणून फेसबुकवर जुन्या कॅमेऱ्यांच्या एका ग्रुपात शिरले, आणि बघते तर काय, तिथं लोकांना सर्रास टोप्या घातल्या जात होत्या! साधा रशियन कॅमेरा घ्यायचा, त्यावर जर्मन नाव आणि गरुड कोरायचा, पिवळाधमक मुलामा द्यायचा आणि 'महायुद्धातल्या अधिकाऱ्याचा' म्हणून लिलावात टाकायचा. लोक वेडे होऊन बोली लावत. मी डार्करूमजवळ रांगायला शिकलेली बाई. कॅमेऱ्याच्या पोटातलं कुठलं चाक गोल असतं आणि कुठलं तिरकं, हे मला पोळीइतकं ठाऊक. मी एकेका मालाचं पितळ उघडं पाडायला लागले. भिंगाचा फोटो मुद्दाम धूसर काढलाय म्हणजे आत बुरशी आहे. 'आजोबांच्या ट्रंकेत सापडला' म्हणतोय, पण याच्या आजोबांच्या ट्रंकेत दर महिन्याला कसा सापडतो? ग्रुपवाले माझ्या लिहिण्याला 'वैजूताईंचा पंचनामा' म्हणायला लागले. तोंड माझं पहिल्यापासून फटकळ, त्याचा इथं उपयोग झाला.

तर दिनकरनं हे सगळं वाचलं होतं. निपाणीत त्याचं फ्रेमचं दुकान होतं, आणि रोज दुकान बंद केल्यावर तो जगातले लिलाव धुंडाळायचा. इतकी वर्षं. आबांच्या रोलीसाठी.

मी लिंक उघडली. विकणारा हॉलंडचा कुणी हेंड्रिक नावाचा म्हातारा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, त्याचा मराठीत अर्थ असा की, अत्यंत दुर्मीळ, गुलाबी कातड्याची खास आवृत्ती, कारखान्यातूनच या रंगाची आलेली, जगात मोजकीच. बोली चढत चालली होती. आमच्या ग्रुपातले दोघे-तिघेही पाघळले होते.

गुलाबी रोली! या कारखान्यानं राखाडी कातडं वापरलेलं मला माहीत होतं, काळं माहीत होतं. गुलाबी? माझ्यातली पंचनामेवाली जागी झाली. म्हटलं, बघू तरी हॉलंडच्या म्हाताऱ्यानं काय रंग फासलाय.

फोटो मोठा केला. रंग फासलेला नव्हता. सपाट जागी कातडं राखाडीच होतं, नुसती गुलाबी झाक. पण शिवणीत, खाचेत, झाकणाच्या बिजागरीत, नावाच्या अक्षरांत तो रंग गच्च भरून बसला होता. ब्रशनं मारलेला रंग वर बसतो. हा आत शिरलेला होता, घामाबरोबर, तेलाबरोबर, वर्षानुवर्षं. आणि मला एकदम हसू फुटलं. अहो, कसली खास आवृत्ती घेऊन बसलात, गुलाल आहे तो! जोतिबाचा गुलाल! आमच्याकडं यात्रेहून आलेला माणूस किती का अंघोळी करेना, आठवडाभर कानामागं गुलाबीच असतो. कॅमेऱ्याला तर कोण अंघोळ घालणार!

हसले, आणि मग हसू तिथंच थिजलं. हॉलंडच्या माणसाच्या कॅमेऱ्यात जोतिबाचा गुलाल आला कुठून?

पुढचा फोटो पट्ट्याचा होता. 'मूळ कारखान्याचा, हाताने विणलेला चामडी पट्टा.' ती वेणी कारखान्याची नव्हती. ती कोल्हापुरी चपलेवर घालतात ती वेणी होती. आबांचा मूळ पट्टा तुटला तेव्हा सुभाषनगरातल्या चप्पल करणाऱ्या मित्रानं त्यांना करून दिलेली. त्याच्या पुढचा फोटो खालच्या कोपऱ्याचा. कोपरा चेपलेला. ती चेप आक्काच्या हातून पडलेली, शाळेत असताना. तिनं त्यासाठी थोबाडीत खाल्ली होती आणि मी दाराआड उभी राहून ती बघितली होती.

खोटा माल कसा ओळखायचा हे मला येत होतं. खरा समोर आल्यावर काय करायचं असतं, ते येत नव्हतं.

पहिला विचार काय आला सांगू? हाच चोर. यानंच विकला आणि आता वर तोंड करून मलाच दाखवतोय. मी तिथूनच फोन लावला आणि भडाभडा बोलले.

दिनकरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी विकला असता तर तुम्हाला कशाला दाखवला असता ताई?"

"मला काय माहीत! पश्चात्ताप झाला असेल."

"मग एक करा. त्या म्हाताऱ्याला विचारा, कुणाकडनं घेतला. मी विचारलं असतं, पण माझ्या विचारण्याला तुमच्या घरात काय किंमत? तुम्ही विचारा, उत्तर तुमच्याकडं येऊ दे. माझं नाव निघालं तर छापा फोटोसकट."

"एवढ्या वर्षांनी कशाला पाहिजे हे तुम्हाला? लग्न झालं, संसार झाला ना?"

"झाला. पोरी नांदतात, नातू आहे. गाव काय म्हणतं त्याचं मला काही नाही." आवाज बारीक झाला. "पण आक्का मला चोर समजत असतील तर ते मला घेऊन मरायचं नाही. बाकी काही नको."

मी हेंड्रिकला लिहिलं. साधंच, गोड शब्दांत. कॅमेरा सुंदर आहे, कुणाकडून मिळाला ते कळलं तर बोली लावणाऱ्यांना बरं वाटेल. आणि रात्रभर मनात म्हणत राहिले, दिनकरचं नाव येऊ दे. खरं सांगते. आक्कासाठी तेच सोपं होतं, माझ्यासाठीही. ज्याला इतकी वर्षं चोर म्हटलं तो चोरच निघू दे, एवढी साधी अपेक्षा.

सकाळी उत्तर आलेलं होतं. आक्का भाजीला गेली होती. मी बाहेरच्या खोलीत, जिथं पूर्वी गिऱ्हाइकांना बसवायचो तिथं, टॅब उघडून बसले.

म्हाताऱ्यानं आनंदानं लांबलचक लिहिलं होतं. तरुणपणी तो भारतात फिरत होता. कोल्हापूरजवळच्या डोंगरावरच्या जत्रेत तिथल्या एका थोर छायाचित्रकाराची त्याच्याशी ओळख झाली. 'जत्रा संपताना त्याने हा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. मी पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. एकच अट घातली, की या गावात कुणाला दाखवायचा नाही आणि आजच्या आज इथून निघायचं. तो रडत होता. का, ते मला आजवर कळलेलं नाही. मी कॅमेरा तसाच ठेवला, पुसलासुद्धा नाही. आता घर आवरतोय म्हणून विकतोय. माझ्या सोबत्याने तेव्हा काढलेला फोटो जोडला आहे.'

फोटोत आबा होते.

डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखलेले, धोतर, काळा कोट. दोन्ही हातांनी रोली पुढं धरलेली, देवाला नारळ द्यावा तशी. समोर उंच, भुरकट केसांचा पोरगा, तोही गुलाबी. मागं यात्रेतल्या उंच सासनकाठ्या.

मी काय केलं असेल? मी त्या फोटोचा पंचनामा करायला बसले. सावल्या एका बाजूला पडल्यात का बघितलं. हातांच्या कडा कुठं कापून जोडल्यासारख्या दिसतात का, मोठं करकरून बघितलं. आबांच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे, ते बघितलं. वाकडंच होतं. इतके दिवस मी खोटं पकडायला बघायची, त्या दिवशी पहिल्यांदा खोटं निघावं म्हणून बघत होते. देवा, एक चूक सापडू दे! नाही सापडली. चोरी झालीच नव्हती. आमच्या बापानं आपल्या हातानं कॅमेरा देऊन टाकला होता, आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून रडला होता.

मी टॅब घेऊन आबांच्या खोलीत गेले. आबा पंच्याऐंशीच्या घरातले, पाय थकलेले, पण डोळे आणि जीभ ठणठणीत. पलंगावर उशीला टेकून पेपर वाचत होते.

"आबा, हे बघा."

त्यांनी चष्मा नीट केला. मला वाटलं, धक्का बसेल, छातीला हात लावतील. मी पाण्याचा तांब्या जवळ ओढून ठेवला होता. कसलं काय! त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"जपली की गं पोरानं," आबा म्हणाले. "गुलाल अजून हाय बघ तिच्यावर."

"आबा, ही तुम्ही दिली?"

"मग? फोटोत दिसतंय की."

"चोरीला गेली म्हणालात तुम्ही! दिनकरनं नेली म्हणालात!"

"हळू बोल. कानानं ऐकू येतंय मला." त्यांनी पेपराची घडी घातली. "शब्द दिला होता मी वैजू. भरल्या सभेत, माईकवर. नेजदारानं दिलेला शब्द मागं घेतलाय असं कधी ऐकलंस?"

"मग घ्यायचा नव्हता! कुणी सांगितलं होतं घ्या म्हणून?"

"घेतलाच न्हाई मी." आबा असं म्हणाले, जसं एखाद्या पोराला गणित समजावतात. "पोरगा चोर निघाला, म्हणून लग्न मोडलं. मी कुठं मोडलं? माझा शब्द हाय तिथंच हाय. आजसुद्धा कुणी म्हणू दे, नेजदारानं शब्द फिरवला म्हणून."

हे त्यांना खरंच असं वाटत होतं. लपवाछपवी नाही, खंत नाही, काही नाही. एका माणसाला चोर केलं, त्याच्या आईला पाणवठ्यावर वाळीत टाकलं, आणि हे आपला शब्द शाबूत आहे म्हणून निवांत झोपत होते!

"साधा एखादा कॅमेरा नाहीसा करायचा होता," मी म्हणाले. काय बोलतेय तेच मला कळत नव्हतं. "रोलीच कशाला?"

"साध्यानं कुणाला पटलं असतं? माझा जीव होता तिच्यात, हे सगळ्या गावाला ठावं. ती गेली म्हणल्यावर कुणी शंका घेतली का? रडलो ते काय नाटक होतं व्हय? खरंच रडलो मी. पोटची पोरगी सासरी धाडावी तसं झालं."

"आणि पोटची पोरगी घरात आहे तिचं काय? आक्काचं वाटोळं केलंत आबा! मोडायचं होतं कशासाठी? तुम्हीच ठरवलं होतंत ना?"

तेव्हा पहिल्यांदा आबांनी नजर वळवली. खिडकीकडं बघत म्हणाले, "तुझ्यासाठी."

"काय?"

"तुझ्या सासऱ्यांचा निरोप आला होता. पोरगी पसंत हाय, पण आमच्या पोराचा साडू सुतार झालेला आम्हाला चालायचा न्हाई. आधी थोरलीचं मोडा, मग धाकटीचं बोलू. आणि तू तर त्या पोरासाठी जेवण सोडून बसली होतीस. आठवतंय का? दोन पोरींतली एकच उजवता येणार होती मला. आईविना पोरी. थोरली सोसणारी, धाकटी सोसणारी न्हाई. मी काय करायला पायजे होतं, सांग तूच."

माझा सगळा संसार डोळ्यांपुढं आला. माझं हळदीचं अंग, सासूबाईंनी घातलेल्या पाटल्या, ह्यांच्याबरोबर स्कूटरवरून रंकाळ्यावर जाणं. प्रत्येक सणाला माहेरी यायचं, आणि आक्कानं माझी ओटी भरायची. आक्कानं! ह्यांना तरी ठाऊक होतं का? विचारायला ते राहिले नव्हते.

दारात पिशवी ठेवल्याचा आवाज झाला. आक्का उभी होती. केव्हापासून, ते तिच्या तोंडावरून कळत होतं.

"आक्का..."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पुढं आली, टॅब माझ्या हातातून घेतला आणि फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग बोटानं रोलीचा चेपलेला कोपरा मोठा केला, तोही बघितला. आबा म्हणाले, "पद्मा, उन्हातनं आलीस, जरा बस." ती बसली नाही.

"दिनकरचा नंबर आहे ना तुझ्याकडं?" तिनं मला विचारलं. "काल जिन्यात बोलत होतीस. लाव."

आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. मी फोन लावून तो मधल्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. पलीकडून दिनकरनं लगेच उचलला.

"दाजी," माझ्या तोंडून निघून गेलं. "आबांनी दिलाय तो कॅमेरा. स्वतःच्या हातानं. फोटो आलाय. तुमचा काही संबंध नाही. मी आज ग्रुपवर लिहिते, नावानिशी लिहिते, सगळ्या कोल्हापूरला कळू दे..."

"आबांनी?" तो म्हणाला. दुकानातला कुठलातरी खिळा ठोकल्याचा आवाज येत होता तो थांबला. "आबांनी स्वतः? मला वाटत होतं भुरट्या चोरानं नेला असेल. आबांवर माझा... मी त्यांच्या पाया पडून निघालो होतो ताई."

"मी लिहिते सगळं."

"नको. तो गुलाबी नाही, गुलाल आहे, तेवढं लिहा. उगाच कुणीतरी फसायचा." मग चाचरत म्हणाला, "आक्कांना सांगितलंत का?"

"मी ऐकतेय," आक्का म्हणाली.

त्या दोघांनी एकमेकांचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला होता. मी उठून जायला पाहिजे होतं, पण गेले नाही.

"पद्मजा," तो म्हणाला. "एकच विचारायचं होतं. तुला तेव्हा खरं वाटलं होतं का?"

नाही म्हण. मी मनातल्या मनात तिला विनवत होते. नाही म्हण गं, काय जातंय तुझं? एका शब्दानं त्या माणसाचं सगळं फिटेल.

"हो," आक्का म्हणाली. "वाटलं होतं. आबा रडले ना. मला पूर्ण खरं वाटलं होतं."

दिनकर हसल्यासारखा झाला, तसलं हसू मी परत कधी ऐकलं नाही. "बरं झालं मग. लग्न झालं असतं तर पहिल्याच भांडणात मला चोर म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," आक्का म्हणाली.

"ठेवतो."

त्यानं ठेवला. आक्का तशीच बसून राहिली, हात मांडीवर, जसं पूर्वी गिऱ्हाइकं फोटोसाठी बसायची तशी. मी रडायला लागले होते, तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिनं तो उचलून बाजूला केला. रागानं नाही, माशी उडवावी तसा.

आतून आबांची हाक आली. "पद्मा, चहा झाला का गं?"

आक्का हलली नाही. परत हाक आली, जरा मोठ्यानं. जन्मात कधी दुसरी हाक मारावी लागली नव्हती त्यांना.

"तू जा," आक्का मला म्हणाली. "तुझ्यासाठी केलंय ना त्यांनी."

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं, पावडर टाकली, दूध काढलं आणि साखरेचा डबा हातात घेऊन उभी राहिले. आबांच्या चहात साखर किती घालतात मला माहीत नव्हतं. आक्काला विचारायचा मला धीर झाला नाही.